मागच्या खोलीत काय आहे?

मुखवटे घासायचं काम चारुताचं होतं, आणि लहानपणापासून ती ते मोठ्या तोऱ्यात करायची. भिजवलेली चिंच, चिमूटभर मीठ आणि जुन्या धोतराचा फडका. पहिल्यांदा हे काम हाती आलं तेव्हा तिनं मोठ्या काकूला विचारलं होतं, पितळ काळं का पडतं? भानुमतीकाकूनं हातातलं काम न सोडता सांगून टाकलं होतं, "वर्षभर घरातली माणसं खोटं बोलतात ना, ते सगळं महालक्ष्म्यांच्या तोंडावर बसतं. म्हणून त्या घरात असल्या की खोटं बोलायचं नसतं, बाळा." पोराला गप्प बसवायला मोठी माणसं काय वाट्टेल ते सांगतात आणि संध्याकाळपर्यंत विसरूनही जातात. चारुता विसरली नव्हती. आता ती चौदाची होती, पितळ का काळवंडतं हे शाळेत शिकली होती, तरी मनाचा एक कोपरा अजून काकूचंच खरं मानत होता.

यंदा मुखवट्यांवरचं काळं निघता निघेना. मागच्या अंगणात, पाण्याच्या रिकाम्या ड्रमांशेजारी पाटावर बसून ती ज्येष्ठेची हनुवटी घासत होती, तेव्हा प्रेरणा, तिची आई, हळूच मागे येऊन उभी राहिली.

"काल मनूताई काय सांगत होती तुला? दार लावून?"

"काही नाय."

"चारू, माझ्याकडं बघ."

चारुतानं पाहिलं नाही. मागच्या खोलीची खिडकी दोन हातांवर होती आणि तिचा पडदा ओढलेला होता. त्या पडद्याआड मनस्विनी श्रावणापासून राहत होती. व्यंकटराव आणि भानुमतीची एकुलती एक लेक, लग्न होऊन अजून वर्षही झालं नव्हतं. डावा हात मनगटापासून कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये. नातेवाइकांना सांगितलं होतं, बाथरूममध्ये घसरली. उस्मानपुऱ्यातल्या गल्लीत हात दिसू नये म्हणून तिला बाहेर येऊ नको सांगितलं, मग बाहेर का येत नाही असं लोक विचारू लागले, तर टायफॉइड झाला म्हणून सांगितलं. एका खोट्याला दुसरं ठिगळ लावावंच लागतं.

"सांग ना, बाळा. मी कोणाला सांगणार आहे? मला ह्या घरात विचारतंय कोण?" प्रेरणा म्हणाली, आणि हे मात्र खरं होतं. धाकटी जाऊ, त्यात बीड बायपासला वेगळं घर केलेली. सणाला यायचं, पाट मांडायचे, भाज्या चिरायच्या आणि तिसऱ्या दिवशी उरलेलं पुरण डब्यात घेऊन परत जायचं.

"तू सांगशील."

प्रेरणानं वाकून ओल्या मुखवट्यावर हात ठेवला. "ह्या महालक्ष्मीची शपथ. माझ्या तोंडून बाहेर जाणार नाय."

चारुतानं कधी कुणाला देवीवर हात ठेवून शपथ घेताना पाहिलं नव्हतं. रात्रभर छातीवर बसलेलं ओझं एकदम सुटलं. "ताई पुण्याला परत जाणार नाय, आई. जीजू तिला मारतात. हात घसरून नाय मोडला, त्यांनी दारात धरून दार लोटलं. परवा विसर्जनाच्या गडबडीत ती नाशिकला जाणारे. सोनियादीदी आहे ना तिची मैत्रीण, तिच्या शाळेत नोकरी आहे म्हणे." मग आवाज बारीक झाला. "मला भीती वाटू राहिली. ती एकटी कशी जाईल?"

प्रेरणानं तिला पोटाशी धरलं. "बरं केलंस सांगितलंस," ती म्हणाली.

*

प्रेरणा दुपारपर्यंत गप्प राहिली. हे तिच्या बाजूनं सांगायलाच हवं. औरंगपुऱ्यातून आणलेली शेपू निवडताना तिच्या डोळ्यांपुढं सारखी ती पोर येत होती, एका हाताला प्लास्टर, दुसऱ्या हातात पिशवी, स्टँडवर उभी. काही झालं तर? आणि मग कळलं, की धाकटीला ठाऊक होतं आणि तिनं तोंड उघडलं नाही, तर? भीती दोन्ही होत्या. कोणती मोठी, हे तिचं तिलाच सांगता आलं नसतं.

भानुमती सोवळ्यात भाकरी थापत होती. आवाहनाच्या दिवशी भाजी-भाकरीचाच नैवेद्य. "उद्या जावईबापू जेवायला येतील," ती म्हणाली, "परवा मनूला घेऊन जातील. सुटेन बाई मी. पंधरा दिवस झाले, नीट झोप नाय."

"वहिनी," प्रेरणा म्हणाली, "ती जाणार नाय."

मग सगळं बाहेर आलं. सोनिया, नाशिक, विसर्जनाची गडबड. तव्यावरची भाकरी करपली, तरी भानुमतीनं उलटली नाही.

"तुला कोणी सांगितलं?"

"चारूनं."

भानुमतीनं हात धुतले आणि ओल्या हातांनीच जावेचे हात धरले. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. बायपासच्या घराच्या वास्तुशांतीला येऊन, पोळीचा तुकडा न मोडता परत गेलेली हीच बाई. "प्रेरणा, आज तू घराची इज्जत वाचवलीस. माझी सख्खी बहीणसुद्धा एवढं करणार नाय." मग जरा थांबून म्हणाली, "माझे गुडघे आता साथ देत नाय. पुढल्या वर्षीपासून महालक्ष्म्या तुझ्याकडं बसव. ह्यांना मी सांगते."

शेजारपाजारच्या बायका प्रेरणाला दर भाद्रपदात विचारत, तुमच्याकडं नाही का हो बसत? दर वर्षी ती हसून सांगे, मोठ्यांकडं असतात. त्या हसण्याचे तिला किती कष्ट पडत हे तिच्या नवऱ्याला, हिमांशूलाही कधी कळलं नव्हतं. आता 'नको वहिनी, मी काय त्यासाठी सांगितलं का' एवढं वाक्य ओठांपर्यंत आलं. तिथंच थांबलं.

दारात चारुता उभी होती. घासलेले मुखवटे ताटात घेऊन ती विचारायला आली होती, कुठं ठेवू. प्रेरणाला दिसली ती आधी तिची पावलं. परकर यंदा घोट्याच्या बराच वर गेला होता.

"आई," ती म्हणाली. एवढंच.

"मोठ्यांच्या गोष्टी तुला कळत नाय," प्रेरणा म्हणाली. "तिच्या भल्यासाठीच सांगितलं." आणि आपल्याला हे इतक्या चटकन सुचलं याचं तिचं तिलाच वाईट वाटलं.

*

"फोन दे," भानुमती म्हणाली. "आणि ती सर्टिफिकिटांची फाईल."

मनस्विनी पलंगावर भिंतीला टेकून बसली होती. आईच्या खांद्यावरून तिनं दाराकडं पाहिलं. चारुता चौकटीला चिकटून उभी होती. मनस्विनीनं उशीखालचा फोन काढला, गादीखालची फाईल काढली आणि दोन्ही पुढं केलं.

"आई, एकदा हात बघ ना माझा."

"बघितलाय. बरा होऊ राहिला."

"कशानं मोडला ते ठाऊक आहे का तुला?"

भानुमती पलंगाच्या कडेवर टेकली. तिचा राग गेला होता, आणि राग गेल्यावर तिच्याजवळ फार थोडं उरलं होतं. "मनू, मीपण एकदा निघून गेले होते. तू पोटात होतीस. माहेरी पाचोडला पोचले तर बाजाराचा दिवस, सगळ्या गावानं बघितलं. आईनं जेवू घातलं, डोक्याला तेल लावलं. सकाळी अण्णांनी पहिल्या गाडीत बसवून दिलं. म्हणाले, पदरी पडलं पवित्र झालं. रडले मी पैठण फाट्यापर्यंत. पण झाला ना संसार?"

"झाला का, आई?"

भानुमती उठली, फोन आणि फाईल पदराखाली घेतली. मागच्या दाराकडं तिनं एकदा पाहिलं. ते दार अंगणात उघडायचं, आणि आज नळाचा वार होता. संध्याकाळी पाणी आलं की ड्रम भरायला पाइप याच खोलीतून जायचा. कुलूप घालायची सोय नव्हती. फोनशिवाय, कागदांशिवाय जाईल कुठं, तिनं मनाशी म्हटलं.

पुढच्या खोलीत व्यंकटराव फोनवर बोलत होते. कोषागारात उभी हयात गेलेला माणूस, आवाज मुळातच हळू. पण जावयाशी बोलताना तो आणखी मऊ व्हायचा. "उद्या कशाला, शंतनूराव? आजच या. आरतीपर्यंत पोचाल. हो, हो, ती वाट बघू राहिली."

हिमांशू वर्तमानपत्र खाली ठेवून म्हणाला, "दादा, पोरीला विचारलं का?"

"मी जबान दिलीय त्या लोकांना."

"पण तिचा हात..."

"तुझी पोर उजव आधी, मग मला शिकव." हिमांशूनं वर्तमानपत्र परत उचललं. या घरात धाकट्यांची बंडं वर्तमानपत्राआड संपत आली होती.

व्यंकटराव फोन हातात घेऊन तसेच बसून राहिले. प्लास्टर घालणाऱ्या डॉक्टरनं त्यांना बाजूला घेऊन सांगितलं होतं, पडून असा हात मोडत नाही हो. हे त्यांनी कोणालाच सांगितलं नव्हतं, भानुमतीलाही नाही. सांगितलं असतं तर काहीतरी करावं लागलं असतं. ते उठले आणि मखराचे दिवे लागतात का ते बघायला गेले.

*

"चारू, पेटीतले दागिने आण. आंघोळ झालीय ना? दुसऱ्या कोणी हात लावायचा नाय," भानुमतीनं हाक मारली.

महालक्ष्म्यांची पेटी देवघरामागं असायची. वर्षभर तिला कोणी शिवत नसे. मुखवटे बाहेर काढल्यावर तिच्यात नथी, ठुशी आणि तांबडं वस्त्र एवढंच उरायचं. चारुतानं वस्त्र उचललं, तर खाली फोन आणि फाईल. घरातली सगळ्यात सोवळ्याची जागा काकूनं निवडली होती, आणि त्या जागी ज्या एका पोरीला पाठवतात तिलाच पाठवलं होतं. चारुता साधी, चारुता सांगितलेलं ऐकणारी. तिच्यापासून काही लपवावं असं कोणाच्या मनातच येत नसे.

तिनं दागिने ताटात ठेवले, फोन आणि फाईल परकराच्या नाडीत खोचून वरून ओढणी घेतली. नैवेद्याआधी आजारी माणसाला म्हणून भाकरीचं ताट मागून घेतलं आणि ती मागच्या खोलीत गेली.

मनस्विनीनं फोन घेतला, फाईल घेतली. आभार मानले नाहीत.

"ताई, आईनं शपथ घेतली होती."

"कोणाची?"

"महालक्ष्मीची."

मनस्विनी हसली, पण ते हसू चांगलं नव्हतं. "लग्नात मला सगळ्यांनी सांगितलं होतं, काही झालं तर आम्ही आहोत. देवाब्राह्मणांसमोर सांगितलं होतं, चारू."

"मी चुकले. मला वाटलं, आई काहीतरी करेल."

"केलं ना."

चारुताला रडू आलं, पण ताईला रागवायचंसुद्धा नव्हतं हे तिला जास्त लागलं. रागवली असती तर बरं झालं असतं. तिनं नाक पुसलं. "आता कधी जाशील? जीजू आरतीपर्यंत येणारेत."

मनस्विनीनं तिच्याकडं पाहिलं. लहानपणी हिला वेणी घातली होती, सायकल शिकवली होती, पहिल्यांदा कपड्यावर डाग दिसला तेव्हा हिनं आईआधी मला फोन केला होता. "आरतीलाच," ती म्हणाली. "सगळे मखरासमोर उभे राहिले की. गर्दीत कळत नाय. तू जरा मोठ्यानं म्हण आरती."

"म्हणते. ह्या वेळी कोणालाच नाय सांगणार."

"बरं," मनस्विनी म्हणाली.

*

दिवेलागणीला नळाला पाणी आलं. मोटर सुरू झाली आणि घरभर तिची घरघर भरली. व्यंकटरावांनी मागच्या खोलीतून पाइप घालून दिला आणि हात पुसत पुढं आले. उंबऱ्यापासून मखरापर्यंत रांगोळीची पावलं काढून झाली होती. गल्लीतल्या बायका जमल्या. भानुमतीच्या हातात ज्येष्ठा, प्रेरणाच्या हातात कनिष्ठा. हिमांशू ताटावर चमचा वाजवत होता. कुळाचार असा, की घरातली कुमारिका पुढं चालते, एकेक खोली उघडून दाखवते, आणि माहेरी आलेल्या या दोघींना सांगते, बघा, तुमच्या माहेरी काय काय आहे.

"महालक्ष्मी आली!"

"कोणत्या पावलांनी?"

"सोन्याच्या पावलांनी!"

चारुतानं स्वयंपाकघर दाखवलं. "इथं काय आहे?" भानुमतीनं विचारलं. "इथं अन्नपूर्णा आहे. कोणी उपाशी जात नाय." धान्याच्या कोठीपाशी "इथं बरकत आहे." कपाटापाशी "इथं सोनंनाणं आहे." दरवर्षीची उत्तरं, पाठ असलेली. मागच्या वर्षीपर्यंत ती म्हणताना तिच्या अंगावर काटा यायचा, कारण सगळं खरं वाटायचं. आज ती चमच्याच्या ठेक्यावर नुसती म्हणत होती, आणि मनात आरतीचे शब्द आठवत होती. मोठ्यानं म्हणायची होती.

भानुमती मखराकडं वळली.

"अहो, मागची खोली राहिली," शेजारच्या काकू म्हणाल्या. "घरातली खोली वगळू नये. मनूलापण दर्शन होईल, ताप पळून जाईल."

बायकांसमोर नाही म्हणता येईना. "चल, चारू," भानुमती म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता. प्लास्टरचा हात सगळ्यांना दिसणार होता, आणि मनू काय बोलेल याचा नेम नव्हता.

चारुता पुढं झाली. ताईला आधी सांगावं, पांघरूण घे म्हणावं, म्हणून ती चार पावलं धावलीच. दार ढकललं.

पलंग रिकामा होता. चादर नीट ओढलेली, उशीवर घडी केलेलं पांघरूण. भाकरीचं ताट तसंच, न शिवलेलं. मागचं दार पाइपच्या जाडीपेक्षा बरंच जास्त उघडं होतं, आणि अंगणापलीकडं बोळाच्या फाटकाची कडी निघालेली दिसत होती. मोटर घरघरत होती. तिच्या आवाजात कोणालाच काही ऐकू आलं नव्हतं.

आरतीला, असं ताई म्हणाली होती. आरती अजून व्हायची होती.

क्षणभर चारुताला वाटलं, काहीतरी घाई झाली असेल. मग तिला कळलं. घाई झाली नव्हती. ताईनं तिला मुद्दाम चुकीची वेळ सांगितली होती. फोन घेतला, फाईल घेतली, डोळ्यांत बघितलं आणि खोटं सांगितलं. कारण ही पोर सांगते हे आता ताईला ठाऊक होतं. हाक मारावीशी वाटली. हाक मारायची नव्हती.

मागं ताट वाजत बोळकांडीत आलं. तिनं दार ओढून घेतलं आणि पाठ लावून उभी राहिली.

"इथं काय आहे?" भानुमतीनं विचारलं.

दोन्ही मुखवटे समोर होते, हाताच्या अंतरावर. चारुतानं त्यांच्या डोळ्यांत पाहिलं.

"इथं लेक आहे," ती म्हणाली. "माहेरी आलीय. निजलीय."

"तिन्हीसांजेला?" कोणीतरी म्हणालं.

"जेवली आणि गोळी घेतली. ताप उतरलाय, आत्ताच डोळा लागलाय. उठवू नका." दुसरं खोटं पहिल्यापेक्षा सोपं होतं. तिसरं आणखी सोपं गेलं असतं.

"निजू द्या बाई," शेजारच्या काकू म्हणाल्या. "पोर किती जीव लावती बघा बहिणीला." भानुमतीनं सुटल्यासारखा श्वास सोडला. तिचा विश्वास बसला होता. चारू खोटं बोलत नाही, हे घरात सगळ्यांनाच ठाऊक होतं.

प्रेरणाचा मात्र बसला नाही. आपली मुलगी कोणत्या आवाजात काय बोलते हे आईला कळतं. तिनं मुखवट्यावरून लेकीकडं पाहिलं, तोंड उघडलं. चारुतानंही तिच्याकडं पाहिलं, सरळ, न रडता. सांग, तुला सांगायचं असेल तर. प्रेरणानंच आधी नजर खाली घातली. हातातली कनिष्ठा तिला एकाएकी फार जड झाली.

बाहेर पुढच्या फाटकाशी गाडीचा हॉर्न वाजला. "शंतनूराव आले," व्यंकटराव पुढच्या खोलीतून म्हणाले आणि चपला शोधू लागले.

चारुता अजून मुखवट्यांकडं बघत होती. सकाळी घासले होते तसेच ते लखलखत होते. नाकाशी नाही, हनुवटीशी नाही, कुठंही एवढासाही काळा डाग पडला नव्हता.

"चल ना पुढं," भानुमती म्हणाली. "आणखी काय दाखवायचं राहिलं?"

"काही नाय, काकू," चारुता म्हणाली. "खोल्या संपल्या."